फाल्कमचे गेम खेळायला कुठून आणि कशी सुरुवात करावी

तोक्योच्या पश्चिमेला ताचिकावा नावाचं शहर आहे. तिथे १९८१ च्या मार्च महिन्यात मासायुकी कातो यांनी संगणकाचं दुकान काढलं. त्या दुकानातून निहोन फाल्कम ही कंपनी उभी राहिली. १९८४ मध्ये ‘ड्रॅगन स्लेयर’ आला, १९८५ मध्ये ‘झानाडू’ आणि १९८७ मध्ये ‘ईज’. चाळीस वर्षं उलटून गेली, तरी ही कंपनी अजून लहानच आहे. कर्मचारी शंभरहूनही कमी, आणि गेम मात्र दरवर्षी येतोच. २००७ पासून अध्यक्ष असलेले तोशिहिरो कोंदो मुळात फाल्कमच्या गेमचे चाहते होते, १९९८ मध्ये ते कंपनीत रुजू झाले.

आज फाल्कमच्या दोन मोठ्या मालिका आहेत. ‘ट्रेल्स’ सावकाश उलगडणारी आहे, तिच्यात संवाद भरपूर आणि लढाया टर्नने, म्हणजे आळीपाळीने, चालणाऱ्या. ‘ईज’ वेगवान आहे, तिथे तलवार तुमच्या बोटांवर चालते. नवखा माणूस अडखळतो तो गेम अवघड असतो म्हणून नव्हे, चुकीच्या दारातून आत शिरतो म्हणून. त्यामुळे या लेखात दारावर जास्त वेळ दिला आहे, आणि पहिल्या गेमच्या पहिल्या काही तासांवर त्याहून जास्त.

आधी मालिका निवडा

वाचायला आवडत असेल, पात्रांमध्ये गुंतायला आवडत असेल आणि रोज रात्री तासभर असं काही महिने खेळायची तयारी असेल, तर ट्रेल्स घ्या. शनिवार-रविवारी दोन-चार तास मिळतात आणि त्यात हात चालायला हवेत असं वाटत असेल, तर ईज. दोन्ही मालिका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, त्यामुळे एकीचं काही ठाऊक नसलं तरी दुसरीत अडत नाही.

भाषेचंही आधीच लक्षात घ्या. मराठी किंवा हिंदी भाषांतर नाही, इंग्रजीतच खेळावं लागतं. ईजला जेमतेम इंग्रजी पुरतं. ट्रेल्समध्ये मात्र एकेक गेम म्हणजे जाडजूड कादंबरी आहे. इंग्रजी सोपं, बोलीतलं आहे, पण प्रमाण प्रचंड. सुरुवातीला वाचनाचा वेग कमी पडला तर घाबरू नका. मजकूर तुम्ही बटण दाबेपर्यंत बहुतेक ठिकाणी थांबून राहतो.

ट्रेल्सचा क्रम

ही मालिका २००४ पासून एकच गोष्ट सांगते आहे. झेमुरिया नावाचा खंड, त्यातले वेगवेगळे देश, प्रत्येक देशाची दोन ते चार गेमची कथा, आणि पात्रं एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी. पहिल्या गेममध्ये कुणीतरी सहज उच्चारलेलं नाव पाच गेमनंतर समोर उभं राहतं. म्हणून क्रम मोडू नका, हा आमचा आग्रह आहे.

सुरुवात लिबर्ल राज्यातून: ‘ट्रेल्स इन द स्काय’ (२००४), ‘स्काय एससी’ म्हणजे दुसरा भाग (२००६) आणि ‘स्काय द थर्ड’ (२००७). मग क्रॉसबेल शहर: ‘ट्रेल्स फ्रॉम झीरो’ (२०१०) आणि ‘ट्रेल्स टू अझ्यूर’ (२०११). त्यानंतर एरेबोनिया साम्राज्य: ‘कोल्ड स्टील’चे चार भाग, २०१३, २०१४, २०१७ आणि २०१८. या साऱ्यांना एकत्र बांधणारा ‘ट्रेल्स इनटू रेव्हरी’ (२०२०). पुढे कॅल्व्हार्ड प्रजासत्ताक: ‘डेब्रेक’ (२०२१), ‘डेब्रेक टू’ (२०२२) आणि ‘बियाँड द होरायझन’ (२०२४). ही सालं जपानमधल्या प्रकाशनाची आहेत. इंग्रजी आवृत्त्या बऱ्याच उशिरा आल्या. ‘झीरो’ला अधिकृत इंग्रजी रूप मिळायला २०२२ उजाडलं.

यादी पाहून छाती दडपते, खरं आहे. सगळं खेळायचं तर सहाशे तासांच्या पुढे जातं. पण सगळं खेळायचा संकल्प आजच करायची गरज नाही. ‘स्काय’चे पहिले दोन भाग मिळून एक पूर्ण गोष्ट होते, तेवढी खेळा. पहिला साधारण चाळीस ते पन्नास तासांचा, दुसरा पन्नास ते साठ. आवडलं तर पुढे जाल, नाही आवडलं तरी हातात एक संपलेली कथा राहील.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते ‘कोल्ड स्टील’वर. चित्रं आधुनिक, लष्करी शाळा, विद्यार्थी, त्यामुळे हीच सुरुवात असं वाटतं. पण ‘कोल्ड स्टील’च्या पहिल्या दोन भागांचा काळ आणि ‘झीरो’-‘अझ्यूर’चा काळ एकमेकांना समांतर जातो. इथून सुरुवात केली की क्रॉसबेलमधली मोठी वळणं आधीच उघड होतात. तिसऱ्या भागापासून सुरुवात तर अजिबात करू नका. त्यात मागच्या कथेचा सारांश दिलेला आहे, पण तो वाचून माणसं कळत नाहीत, फक्त घटना कळतात. मालिका मधूनच बघायला घेतल्यावर शेजारच्याला ‘हा कोण, ती कोण’ विचारत बसावं लागतं, तशी गत होते.

‘डेब्रेक’पासून सुरुवात करता येते का? नवा देश, नवा नायक, त्यामुळे पहिले वीस-पंचवीस तास काही अडत नाही. नंतर जुनी माणसं येऊ लागतात आणि त्यांच्या येण्याचा जो आनंद असतो तो तुम्हाला मिळत नाही. एवढ्या जुन्या चित्रांशी जमणारच नाही असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी आता त्याहून चांगली सोय आहे.

जुना ‘स्काय’ की नवा

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये ‘ट्रेल्स इन द स्काय फर्स्ट चॅप्टर’ या नावाने पहिल्या भागाचा संपूर्ण नवा अवतार आला. पीसी, प्लेस्टेशन ५ आणि निन्टेन्डो स्विचवर तो मिळतो. कथा तीच, पण सगळं त्रिमितीय. रस्त्यावर शत्रू दिसला की आधी थेट तलवार-काठी चालवता येते आणि मग एका बटणाने टर्नच्या लढाईत शिरता येतं. एका परिसरात झटपट ये-जा करायची सोय आहे, गेमचा वेग वाढवता येतो. प्रस्तावनेचा भाग फुकट खेळून पाहता येतो आणि आवडला तर तीच सेव्ह पुढे चालते.

जुना गेम वरून तिरकस दिसणारा, छोट्या बाहुल्यांसारख्या पात्रांचा. पण तो कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि सेलमध्ये फार स्वस्त मिळतो. आमचा कल असा: यंत्र चांगलं असेल आणि बजेट असेल तर नवा घ्या. कॉलेजचा जुना लॅपटॉप असेल तर जुना घ्या आणि मनात किंतु ठेवू नका. कथेचा कस दोन्हींत सारखाच आहे. इथून पुढे लढाईचे तपशील जुन्या आवृत्तीचे दिले आहेत. ऑर्बमेंट हे यंत्र, आर्ट्स म्हणजे जादू, टर्नची पट्टी, ही सगळी मूळ कल्पना नव्यातही तीच आहे.

विकत घेताना आणि बसवताना

भारतात पीसीवर खेळायचं तर स्टीम हे ऑनलाइन दुकान सगळ्यात सोयीचं. किंमत रुपयांत दिसते, यूपीआयने पैसे भरता येतात. घाई नसेल तर गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवा. जूनच्या शेवटी आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात मोठे सेल लागतात, तेव्हा फाल्कमचे जुने गेम हमखास उतरतात.

खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर स्टीम पैसे परत देतं. हे दोन तास कथेत रमण्यात घालवू नका, तपासणीत घाला. गेम सुरू होतो का, पडदा पूर्ण भरतो का, कंट्रोलर ओळखला जातो का, अक्षरं वाचण्याइतकी मोठी दिसतात का, हे पहिल्या अर्ध्या तासात बघून घ्या. जुन्या ‘स्काय’मध्ये स्क्रीनचा आकार आणि बटणं ठरवायला वेगळं कॉन्फिगरेशन टूल आहे. गेम सुरू करायच्या आधी ते उघडा. पूर्ण पडद्यावर काही गडबड झाली तर विंडो मोड लावून पाहा, बहुतेक वेळा तिथेच प्रश्न सुटतो.

ट्रेल्स कीबोर्डवर आरामात खेळता येतो. ईजला मात्र कंट्रोलर हवाच. साधा, दोन काड्यांचा, एक्सबॉक्सच्या धाटणीचा असला की पुरे.

अडचणीची पातळी नॉर्मल ठेवा. जुन्या ‘स्काय’मध्ये ती गेम सुरू करताना ठरते, त्यामुळे हौसेने हार्ड निवडून वीस तासांनी पस्तावू नका. ऑप्शन्समध्ये ‘रीट्राय ऑफसेट’ नावाची सोय आहे, ती चालू ठेवा. बॉसकडून, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूकडून, हरून पुन्हा प्रयत्न केला की दर खेपेला शत्रू थोडा कमजोर होतो.

पहिले दोन तास: रोलेंट

नायिका एस्टेल ब्राइट, तिच्या घरात वाढलेला जोशुआ, आणि वडील कॅसियस. कॅसियस हे ब्रेसर. ब्रेसर म्हणजे लोकांच्या रक्षणाची आणि मदतीची कामं घेणाऱ्या गिल्डचे सदस्य. एस्टेल आणि जोशुआ शिकाऊ ब्रेसर होतात आणि रोलेंट नावाच्या छोट्या गावातून गोष्ट सुरू होते.

सुरुवात संथ आहे. राक्षस मारणं, हरवलेली वस्तू शोधणं, शेतावर पहारा देणं, अशीच कामं. जग वाचवायचं वगैरे कुणी बोलत नाही. बरेच जण इथेच गेम सोडतात, आणि फार मोठ्या गोष्टीला मुकतात. या गेमची ताकद अशी की गावातला प्रत्येक माणूस कथा पुढे सरकली की नवं काहीतरी बोलतो. दुकानदार, शेतकरी, विमानतळावरचा शिपाई, प्रत्येकाची स्वतःची छोटी गोष्ट आहे आणि ती तुमच्या मागे चालूच असते.

म्हणून पहिली सवय ही लावा: कथेत मोठी घटना घडली की पुढच्या ठिकाणी धावण्याआधी गावातून एक चक्कर. सगळ्यांशी बोलायची सक्ती नाही. पाच-सहा माणसं निवडा आणि त्यांच्याशी दरवेळी बोला. तेवढ्यानेही रोलेंट आपलं वाटायला लागतं. रिकाम्या झालेल्या पेटाऱ्यावर पुन्हा बटण दाबून बघा, इंग्रजी आवृत्तीत तिथे गमतीदार वाक्यं लिहून ठेवली आहेत.

दुसरी सवय: गिल्डमध्ये शिरलात की आधी भिंतीवरचा फळा बघा. तिथे कामांची यादी असते आणि प्रत्येक कामापुढे मुदत लिहिलेली असते. मुदत तास-मिनिटांची नसून कथेच्या टप्प्यांची असते. कमी मुदतीचं काम लगेच घ्या, मुख्य कथा एक पाऊल पुढे गेली की ते फळ्यावरून जाऊ शकतं. जुन्या आवृत्तीत एका ठिकाणाहून दुसरीकडे उडी मारायची सोय नाही, सगळं पायी. त्यामुळे एकाच रस्त्यावरची दोन-तीन कामं एका फेरीत उरका.

काही कामं फळ्यावर येतच नाहीत. माणसाशी बोललं तरच सुरू होतात. गावातली चक्कर इथेही कामाला येते.

काम झालं की गिल्डच्या काउंटरवर येऊन कळवायला विसरू नका. कळवल्यावरच पैसे आणि बीपी म्हणजे ब्रेसर पॉइंट मिळतात. बीपीवर तुमचा दर्जा ठरतो, आणि दर्जा वाढला की बक्षीस म्हणून उपयोगी वस्तू मिळतात. प्रकरण संपत आलं की तुम्ही दुसऱ्या शहरात जाता आणि मागे सहज परतता येत नाही. गेम तसा इशारा देतोच. ‘तयार आहात का?’ असा प्रश्न कुणी विचारला की आधी नाही म्हणा, गिल्डमध्ये जा, राहिलेलं कळवा, मगच होकार द्या. काही संवादांत उत्तर निवडावं लागतं आणि योग्य उत्तराला जादा बीपी असतो, म्हणून तिथे वाचून उत्तर द्या.

सेव्ह कुठेही करता येते आणि जागा भरपूर आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला नवी जागा वापरा. एकाच जागेवर सेव्ह करत राहिलात आणि काही निसटलं, तर मागे जायला वाट उरत नाही.

ऑर्बमेंट: इथे वेळ द्या

ट्रेल्समध्ये राक्षस मारून थेट पैसे मिळत नाहीत. मिळतात ते सेपिथ, सात तत्त्वांचे रंगीत तुकडे: पृथ्वी, जल, अग्नी, वायू, काळ, अवकाश आणि मृगजळ. दुकानात सेपिथ देऊन मिरा, म्हणजे तिथलं चलन, घेता येतं. पहिल्या दहा तासांत हे करू नका. पैसे कामांतून मिळतात. सेपिथ लागतात ऑर्बमेंटला, आणि सुरुवातीला ते कायम कमीच पडतात.

ऑर्बमेंट हे प्रत्येक पात्राजवळचं यंत्र. त्यात खाचे असतात. खाचे उघडायला सेपिथ लागतात, आणि खाच्यात बसवायचे क्वार्ट्झ बनवायलाही सेपिथच. ही कामं ऑर्बमेंटच्या दुकानात होतात, रोलेंटमध्ये ते मेल्डर्स.

प्रत्येक क्वार्ट्झचे दोन उपयोग. एक तर तो थेट काहीतरी वाढवतो: एचपी क्वार्ट्झ प्राण वाढवतो, अटॅक क्वार्ट्झ मारा वाढवतो. दुसरं म्हणजे त्यात तत्त्वाचे अंक असतात, आणि एका रेषेवरच्या सगळ्या क्वार्ट्झच्या अंकांची बेरीज होऊन आर्ट्स उघडतात. उदाहरणार्थ, एचपी १ मध्ये जलतत्त्व आहे. तो बसवला की जखम भरणारी ‘टिअर’ ही आर्ट मिळते. अशी आर्ट मिळवण्यासाठी वेगळी किंमत मोजावी लागत नाही, योग्य क्वार्ट्झ योग्य रेषेवर बसला की झालं.

नवखे चुकतात ते रेषांकडे दुर्लक्ष करून. ऑर्बमेंटच्या पडद्यावर खाच्यांना जोडणारी रेघ दिसते. काही पात्रांच्या खाचा दोन-तीन आखूड रेषांत विभागलेल्या असतात, काहींच्या एकाच लांब रेषेवर. बेरीज रेषेपुरतीच होते, म्हणून लांब रेष असलेल्यालाच मोठ्या आर्ट्स मिळतात. ऑलिव्हिए आणि क्लोई यांची रेष एकच आणि लांब आहे. ते पार्टीत, म्हणजे तुमच्या गटात, आले की चांगले आर्ट्सचे क्वार्ट्झ त्यांना द्या. तुटक रेषांच्या पात्रांना मारा, बचाव आणि वेग वाढवणारे क्वार्ट्झ द्या. काही खाचे एका तत्त्वालाच बांधलेले असतात, ते रंगावरून कळतं.

सेपिथ खर्चायचा आमचा क्रम असा. आधी दोघांचा एकेक खाचा उघडा. मग एचपी १ बनवा, म्हणजे टिअर मिळेल. मग इन्फर्मेशन नावाचा क्वार्ट्झ मिळाला की कुणा एकाला तो कायम लावून ठेवा. त्याने शत्रूचे प्राण आणि कमजोरी दिसते आणि नोंदवहीत माहिती भरत जाते. त्यानंतर वेग वाढवणारा अॅक्शन. या गेममध्ये वेग म्हणजे जास्त टर्न, आणि जास्त टर्न म्हणजे सगळंच जास्त.

पात्र पार्टी सोडून जाणार असं वाटलं तर त्याच्याजवळचे महत्त्वाचे क्वार्ट्झ आधी काढून घ्या.

लढाईची पट्टी वाचायला शिका

लढाईत पडद्याच्या डाव्या कडेला चेहऱ्यांची उभी पट्टी असते. पुढची टर्न कुणाची, त्यानंतर कुणाची, हे तिथे दिसतं. काही टर्नच्या बाजूला लहान चिन्ह असतं: प्राण भरून निघतील, मारा वाढेल, वार क्रिटिकल, म्हणजे नेहमीपेक्षा जोराचा, बसेल, असे फायदे. ते चिन्ह ज्याच्या टर्नला येईल त्याला मिळतं, मग तो शत्रू का असेना.

हे एकदा नजरेसमोर आणा. बॉसची टर्न पुढची आहे आणि तिच्या बाजूला क्रिटिकलचं चिन्ह आहे. तसंच जाऊ दिलं तर एक पात्र आडवं होणार. एस्टेलचे सीपी, म्हणजे खास वारांसाठी साठणारे गुण, १२० आहेत. सीपी शंभर किंवा वर गेले की एस-क्राफ्ट हा सर्वांत जोराचा खास वार वापरता येतो, आणि एस-ब्रेकचं बटण दाबलं की ती टर्न मध्येच घुसवता येते. एस्टेल बॉसच्या आधी येते, क्रिटिकल तिच्या वाराला लागतं, आणि बॉसच्या वाट्याला साधी टर्न उरते. एका बटणात बचावही झाला आणि हल्लाही. ट्रेल्सच्या लढाईचं मर्म हेच. मेनूत जाऊन प्रत्येकाला एस-ब्रेकसाठी कोणता एस-क्राफ्ट लावला आहे ते तपासून ठेवा.

एस-क्राफ्टने सगळे सीपी खर्च होतात. २०० भरल्यावर वापरला तर तो जास्त जोराचा बसतो, त्यामुळे बॉसच्या आधीच्या किरकोळ लढायांत सीपी साठवत जा. मार देताना आणि खाताना, दोन्ही वेळी सीपी वाढतात.

आर्ट्सना ईपी, म्हणजे जादूची शक्ती, लागते आणि म्हणायला वेळ लागतो. शत्रूही आर्ट म्हणताना थांबलेला दिसला की त्याचं मंत्र तोडणारे क्राफ्ट, म्हणजे खास वार, वापरा. क्राफ्टच्या वर्णनात तसं लिहिलेलं असतं. एस्टेलचा ‘मोराल’ जवळच्या सोबत्यांचा मारा वाढवतो, लांबलेल्या लढाईत तो आधी लावा. पृथ्वीतत्त्वाच्या ‘अर्थ गार्ड’ने एका सोबत्यावरचा एक हल्ला पूर्ण वाया जातो, आणि ‘अर्थ वॉल’ने परिसरातल्या सगळ्यांवरचा. बॉस मोठा वार करणार असं दिसलं की याहून चांगलं काही नाही.

मैदान चौकटींचं आहे. चौघं एकत्र उभे राहिले तर एका हल्ल्यात चौघंही सापडतात. बचाव करणारी आर्ट लावताना जवळ आणा, नाहीतर पांगवून ठेवा.

रस्त्यावर शत्रू दिसतातच. मागून गाठलं तर पहिल्या टर्न तुमच्या, त्यांनी मागून गाठलं तर त्यांच्या. कंटाळा आला तर टाळून जा, काही बिघडत नाही. तासन्तास शत्रू मारून लेव्हल वाढवायच्या फंदात पडू नका. तुमची लेव्हल शत्रूपेक्षा कमी असेल तर अनुभव भराभर मिळतो, वर गेली की अगदी चिमूटभर. गेमने ही सोय मुद्दाम केली आहे. बॉस जमत नसेल तर कमतरता लेव्हलची नसते. क्वार्ट्झ जुने असतात, नव्या शहरात शस्त्रं बदललेली नसतात, किंवा बॉस ज्या अवस्थेत ढकलतो (गोठवणं, गोंधळवणं, दगड करणं) तिच्यावरचा दागिना घातलेला नसतो. या तीन गोष्टी तपासा. काही लढाया हरल्या तरी कथा पुढे जाते, त्यामुळे अशक्य शत्रू समोर आला तर लगेच मागची सेव्ह उघडू नका.

पहिला भाग संपल्यावर शेवटची क्लिअर सेव्ह पुसू नका. ‘एससी’मध्ये ती वापरता येते आणि त्याचा फायदा मिळतो. आणि शक्य असेल तर दोन्ही भाग एकदमच घेऊन ठेवा. पहिला जिथे थांबतो तिथे थांबवत नाही.

पुस्तकं गोळा करायची आवड असेल तर ‘कार्नेलिया’ या गेममधल्या कादंबरीवर लक्ष ठेवा. तिचे भाग ठरावीक वेळी ठरावीक माणसांकडेच मिळतात. सगळे जमवले तर शेवटी एक जबरदस्त शस्त्र पदरात पडतं. पहिल्या खेळात हे जमलं नाही तरी चालतं. यादी शेजारी ठेवून खेळण्यात पहिल्या खेळाची मजा निघून जाते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘द थर्ड’ला गाळू नका. त्याची रचना वेगळी आहे, बंद दारं आणि प्रत्येक दारामागे कुणाची तरी गोष्ट. दिसायला तो जोडपत्रासारखा वाटतो, पण पुढच्या सगळ्या मालिकेची बीजं त्या दारांमागे आहेत. ‘झीरो’पासूनच्या पीसी आवृत्त्यांत वेग वाढवणारा टर्बो मोड आहे, जुन्या ‘स्काय’मध्येही तो नंतर आला. चालताना आणि किरकोळ लढायांत खुशाल वापरा, कथेच्या प्रसंगांत बंद ठेवा.

ईज हवा असेल तर

इथे क्रमाची चिंता नाही. लाल केसांचा भटक्या अॅडॉल क्रिस्टिन दरवेळी नव्या प्रदेशात जातो आणि गोष्ट तिथेच पूर्ण होते.

पहिला म्हणून ‘ईज ८: लॅक्रिमोसा ऑफ डाना’ (२०१६). जहाज बुडतं, अॅडॉल सायरेन बेटावर लागतो, आणि वाचलेल्या माणसांना शोधून गाव वसवायचं असतं. २०१७ मध्ये आलेलं पहिलं इंग्रजी भाषांतर वाईट होतं आणि प्रकाशकांनी ते पुन्हा करून घेतलं. आज विकत मिळतं ते सुधारलेलंच.

यात तीन प्रकारचे वार आहेत. अॅडॉल कापतो, साहाद ठोकतो, लॅक्झिया भोसकते. मऊ शत्रूला कापणं, कवचवाल्याला ठोकणं, उडणाऱ्याला भोसकणं. एका बटणाने पात्र बदलतं. चुकीच्या पात्राने मारत राहिलात तर कवचवाला खेकडा पाच मिनिटं मरत नाही, आणि नवखे म्हणतात गेम अवघड आहे. सवय व्हायला तासभर पुरतो.

वार बसायच्या अगदी क्षणभर आधी बचावाचं बटण दाबलं तर फ्लॅश गार्ड, झुकांडी दिली तर फ्लॅश मूव्ह. पहिल्याने तुमचे वार काही क्षण क्रिटिकल होतात, दुसऱ्याने शत्रू मंदावतात. बटण दाबून धरू नका, टिचकी मारा. किनाऱ्यावरच्या सुरुवातीच्या लहान प्राण्यांवर दहा-पंधरा मिनिटं हाच सराव करा.

रस्त्यात ओंडके-दगड आडवे येतात आणि गावात अमुक इतकी माणसं असली तरच ते हलतात. म्हणून अडलात तर पुढे धडका देऊ नका, नकाशातला न पाहिलेला कोपरा बघा, तिथे बहुधा कुणीतरी अडकलेलं असतं. गावकऱ्यांची कामं करा, भेटवस्तू द्या. त्यांचा तुमच्यावरचा विश्वास किती यावर शेवट ठरतो.

यंत्र जुनं असेल तर ‘ईज ओरिजिन’ (२००६). एकच उंच मनोरा, वर चढत जायचं. सुरुवातीला युनिका आणि ह्यूगो यांच्यापैकी एक निवडता येतो. युनिका जवळून कुऱ्हाड चालवते, ह्यूगो लांबून मारतो. पहिल्यांदा ह्यूगो सोपा जातो. पुढे तिसरं पात्र टोल उघडतं आणि खरी कथा त्याच्याच वाटेवर आहे. ट्रेल्सच्या अगदी उलट, इथे एका लेव्हलनेही बॉसच्या लढाईत मोठा फरक पडतो. अडलात तर एक-दोन लेव्हल वाढवा आणि साठवलेले एसपी हे गुण देवतेच्या मूर्तीजवळ खर्चून कवच सुधारा. सेव्हही त्या मूर्तींजवळच होते, त्यामुळे मूर्ती दिसली की सेव्ह केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१९८७ चा मूळ ‘ईज’ आज ‘ईज १ अँड २ क्रॉनिकल्स’ या रूपात मिळतो. युझो कोशिरो यांच्या संगीतासाठी तो जरूर ऐकावा आणि खेळावाही, पण पहिला गेम म्हणून नको. त्यात हल्ल्याचं बटणच नाही, शत्रूच्या अंगावर धावून जायचं असतं. समोरासमोर धडकलात तर तुम्हालाही लागतं, म्हणून अर्ध्या अंगाने, थोडं बाजूला सरकून धडक द्यायची. लेव्हल दहापर्यंतच जाते, ती लवकर भरते, आणि त्यानंतर बॉसपुढे फक्त हाताचं कसब कामाला येतं. ‘ओरिजिन’ संपवून इकडे आलात तर मनोऱ्याच्या पायऱ्या ओळखीच्या वाटतील, कारण ‘ओरिजिन’ची कथा या गेमच्या सातशे वर्षं आधीची आहे.